पू आहे, पण जंतू नाहीत : बायकांच्या छुप्या टीबीच्या तपासण्यांचा खर्च

लघवीला जळजळ, रिपोर्टात भरपूर पस सेल्स, पण कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत. अँटिबायोटिकने चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. असं दोन-तीनदा झालं की डॉक्टरांना सरळ विचारा, ‘टीबी असू शकेल का?’ मूत्रमार्गाचा किंवा गर्भपिशवीचा टीबी खोकल्याशिवायही येतो. कुणाला दिवस राहत नाहीत, कुणाची पाळी तुटपुंजी होते, पाळी गेलेल्या बाईच्या पुन्हा अंगावर जाऊ लागतं. पोटात पाणी आणि रक्ततपासणीत वाढलेलं सीए-१२५ पाहून अंडाशयाचा कर्करोग समजला जातो आणि तपासणीत टीबी निघतो, असंही होतं.

सुरुवात स्वस्तात होते. साधी लघवी तपासणी शंभर-दोनशे रुपयांत, सोनोग्राफी साधारण हजार-दोन हजारांत. मग टीबीसाठी सकाळची पहिली लघवी, तीन ते पाच दिवस लागोपाठ. त्याआधी लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी अँटिबायोटिक गोळी चालू असेल तर सांगा. ती टीबीच्या जंतूंनाही थोडं दाबते आणि तपासणी फसते. सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) खासगीत साधारण दोन-तीन हजार, सरकारी क्षयरोग केंद्रात मोफत. कल्चरला सहा-आठ आठवडे लागतात, तेवढा धीर हवा.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो गर्भपिशवीच्या तुकड्याच्या तपासणीत, म्हणजे बायोप्सीत. बायोप्सीची फी, भूल, खाट असे हजारो रुपये भरायचे आणि अख्खा तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत जायचा! फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होणार कशाचं? म्हणून टेबलावर जाण्याआधीच सांगून ठेवा : दोन बाटल्या. एक फॉर्मेलिनची, पॅथॉलॉजीसाठी. दुसरी सलाइनची, कल्चर आणि सीबीनॅटसाठी. बायोप्सी पाळीच्या थोडं आधी केलेली बरी. गरोदर नाही याची खात्री आधी.

टीबी गोल्ड या रक्ततपासणीवर दोन-अडीच हजार घालवण्यात मला अर्थ दिसत नाही. जुना, झोपलेला संसर्ग आणि आताचा आजार यांतला फरक त्यातून कळत नाही. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या तपासण्यांवर तर २०१२ पासून बंदी आहे. नुसत्या पीसीआर या डीएनए तपासणीवर सहा महिन्यांची औषधं सुरू होत असतील तर दुसरं मत घ्या. उलट, इथे जंतू थोडे असतात, त्यामुळे एक रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असंही नाही. लॅपरोस्कोपी (दुर्बिणीने पोट आतून पाहणं) शेवटी, खासगीत ती पन्नास हजारांच्या पुढेही जाते, म्हणून लेखी अंदाजपत्रक मागा.

निदान झालं की औषधं मोफत. खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करावीच लागते. ती झाली का, हे विचारा, कारण टीबी रुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५००) त्या नोंदीवरच बँक खात्यात येतात. चौकशीसाठी मोफत क्रमांक : १८००-११-६६६६.