नवे शालेय वर्ष आणि यहोशवाचे धैर्य

शास्त्रपाठ : यहोशवा १:१–१८ व ३:१४–१७

मृगाच्या सरी पडू लागल्या म्हणजे आपल्या भागात दोन कामे बरोबरच सुरू होतात. शेतात पेरणी आणि गावात शाळा. पंचवटीच्या बाजार समितीत दिंडोरी व पेठ या रस्त्यांनी भाजीपाला घेऊन येणारे कितीएक आईबाप या दिवसांत परत जाताना वह्या व दप्तर घेऊन जातात. ज्या पैशांत बियाणे घ्यावयाचे, त्याच पैशांत दप्तरही बसवावयाचे असते. अशा वेळी घरात आनंद असतो, तसे भयही असते. कोणाचे लेकरू प्रथमच शाळेत जाणार. कोणी गावची शाळा संपवून पुढील इयत्तेसाठी परगावी जाणार. कोणी गेल्या वर्षी नापास झाल्यामुळे त्याच अभ्यासास पुन्हा बसणार. पुष्कळ घरांत शिकणारे ते पहिलेच लेकरू असते, आणि “अभ्यास झाला काय?” यापलीकडे आईबापांस काही विचारता येत नाही. अशा घरास पवित्र शास्त्र कोणता धीर देते, हे आज आपण यहोशवाच्या पुस्तकातून पाहू.

१. मोशे गेला, देव राहिला

यहोशवा हा पुष्कळ वर्षे शिष्य होता. मोशेचा सेवक म्हणून तो वागला. तरुण असता दर्शनमंडप सोडून तो जात नसे, असे निर्गम ३३:११ येथे लिहिले आहे. ज्याच्या पाठीमागे चालण्याची सवय, तो गुरू आता मरण पावला. अध्यायाच्या आरंभीच देव ही गोष्ट स्पष्ट सांगतो. दुःख झाकून ठेवीत नाही. ओळखीचे गुरुजी बदलले, ओळखीची शाळा सुटली, म्हणजे मुलाच्या मनाची जी स्थिती होते, ती यहोशवाच्या वाट्यास फार मोठ्या प्रमाणात आली होती. त्या वेळी देवाने त्यास दिलेले वचन हेच, की मोशेबरोबर तो जसा होता तसाच तो यहोशवाबरोबरही राहील (ओवी ५).

पुढे ओव्या ६, ७ व ९ यांत धैर्य धरण्याची आज्ञा तीन वेळा आली आहे. एकदा सांगून का भागले नाही? आम्हांस वाटते, भ्यालेल्या माणसास पहिले बोलणे ऐकू येते, पण पोचत नाही. यहोशवास भय वाटते म्हणून देव त्यास लाजवीत नाही. तो पुन्हा सांगतो. यिर्मयाने मी लहान आहे असे म्हटले, मोशेने मला नीट बोलता येत नाही असे म्हटले. त्या दोघांसही देवाने टाकून दिले नाही. म्हणून शाळेच्या पहिल्या दिवशी रडणाऱ्या लेकरास भित्रे म्हणू नये. तीन वेळा सांगावे लागले, तर तीन वेळा सांगावे.

२. हे वचन मंत्र नव्हे

आठव्या ओवीत कार्यसिद्धीची गोष्ट आहे, म्हणून काही ठिकाणी ही ओवी परीक्षेच्या आधी मुलांकडून पाठ करून घेतात. जणू ती म्हटली की गुण मिळालेच. परंतु त्या ओवीत रात्रंदिवस मनन करण्याची, व जे समजले त्याप्रमाणे चालण्याची गोष्ट प्रथम आहे. प्रार्थना ही अभ्यासाच्या जागी ठेवण्याची वस्तू नव्हे. अभ्यासास बसण्याचे बळ प्रार्थनेने मागावयाचे. शिवाय देव सर्वांस सारखे गुण देण्याचे वचन देत नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दृष्टांत पाहा : ज्या दासास अधिक मिळाले होते त्यास धन्याने जी शाबासकी दिली (ओवी २१), तीच, शब्दास शब्द, कमी मिळालेल्या दुसऱ्या दासासही दिली (ओवी २३). दोघांनी आपापल्या वाट्यास आलेल्याचा विश्वासूपणे उपयोग केला, एवढेच धन्याने पाहिले. शेजारच्या मुलाचे गुण घेऊन आपल्या मुलास मोजणाऱ्या बापाने हा अध्याय शांतपणे वाचावा.

आणि जो नापास झाला त्याचे काय? यहोशवाचाही एकदा पराभव झाला. आय नगरापुढे इस्राएल लोक पळाले (अध्याय ७). तेव्हा प्रथम कारण शोधण्यात आले. कारण दूर केल्यावर देवाने पुन्हा भिऊ नको असे सांगून त्यांस त्याच नगराकडे पाठविले (८:१). येथे क्रम ध्यानात ठेवावा. आयच्या पराभवाचे कारण पाप होते; मुलाच्या नापास होण्याचे कारण पापच असेल असे मुळीच नाही. कदाचित त्यास फळ्यावरचे दिसत नसेल. कदाचित वाचनच कच्चे राहिले असेल, आणि पुढील सर्व विषय त्या कच्च्या पायावर डगमगत असतील. कदाचित तो पहाटेपासून गुरांमागे राबून वर्गात झोपी जात असेल. मारण्याने यांतील एकही कारण दूर होत नाही. कारण शोधावे, ते दूर करावे, आणि मग त्यास पुन्हा त्याच परीक्षेकडे धीराने पाठवावे.

३. चौथ्या वेळी कोण बोलले?

आता या पाठातील मुख्य गोष्टीकडे येऊ. धैर्य धरण्याचे शब्द या अध्यायात चौथ्यांदाही येतात. ते शेवटच्या, अठराव्या ओवीत आहेत. परंतु तेथे बोलणारा देव नव्हे. तेथे लोक बोलतात. देवाने तीन वेळा सांगितले, आणि तेच चौथ्यांदा लोकांच्या तोंडून यहोशवाच्या कानी पडले.

हे लोक कोण? रऊबेनी, गादी व मनश्शेचा अर्धा वंश. यांस यार्देनेच्या पूर्वेस आपला वाटा आधीच मिळाला होता. त्यांची बायकामुले व गुरे तेथे सुखाने राहणार होती. नदी उतरून जाण्याची त्यांस स्वतःसाठी काही गरज नव्हती. तरी त्यांस आज्ञा होती, की भावांस त्यांचा वाटा मिळेपर्यंत त्यांनी सज्ज होऊन भावांच्या पुढे नदी उतरावी (ओव्या १४, १५). त्यांनी ते मान्य केले, आणि मग यहोशवास धीर दिला. म्हणून त्यांच्या शब्दांस वजन आले. नुसते तीरावर उभे राहून “जा, भिऊ नको” असे ते म्हणाले नाहीत. बरोबर येतो असे आधी म्हणाले.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळ्यांतही असे वंश आहेत. ज्यांच्या आजोबांस मिशनच्या शाळेत अक्षरओळख झाली, ज्यांचे वडील शिक्षक झाले, ज्यांस आज शहरात नोकरी आहे, त्यांस आपला वाटा मिळाला आहे. त्याच मंडळीत मागच्या सतरंजीवर बसणाऱ्या कुटुंबाचे लेकरू अद्याप नदीच्या अलीकडे उभे आहे. त्या लेकरास धीर देणे हे काम देवाने अध्यायाच्या शेवटी कोणाकडे सोपविले, हे आपण वाचलेच.

४. शरणपूरची मुले

याचे एक उदाहरण आपल्याच नाशकात घडले आहे. गोदावरीच्या पलीकडे, जुन्या शहराच्या पश्चिमेस, शरणपूर आहे. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने तेथे ख्रिस्ती वसाहत व शाळा चालविली. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणाऱ्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकेतील मुले त्या शाळेत ठेवीत. त्यांची घरे तुटली होती, आईबाप हरवले होते, आणि कानावर पडणारी भाषा परकी होती. पहिल्या दिवशी वर्गात बसताना त्यांच्याइतके भय आपल्या कोणा मुलास क्वचितच वाटले असेल. तेथे त्यांस लिहिणे-वाचणे शिकविले, सुतारकी व लोहारकीही शिकविली.

१८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी आफ्रिकेच्या प्रवासासाठी येथील नऊ तरुण बरोबर घेतले. सर्वच टिकले नाहीत. काहींनी वाटेत साथ सोडली. शाळा शिकलेला प्रत्येक जण थोर निघतो, असे आम्ही म्हणत नाही. परंतु मागाहून जाऊन मिळालेल्यांत याकोब वेनराइट नावाचा एक तरुण होता. तोही नाशिकचाच विद्यार्थी. १८७३ साली आफ्रिकेच्या अंतर्भागात लिव्हिंग्स्टन मरण पावले, तेव्हा त्यांच्या सामानाची यादी याकोबाने लिहिली, त्यांचे हृदय पुरताना प्रेतसंस्काराची उपासना त्याने वाचली, व झाडाच्या सालीवर लेखही त्यानेच कोरला. चुमा व सुसी यांच्या पुढारीपणाखाली त्या सोबत्यांनी ते शव महिनोगणती पायी वाहून समुद्रकिनारी आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत याकोब होता. शरणपूरच्या वर्गात गिरविलेली अक्षरे कोठे उपयोगी पडतील, हे त्याच्या शिक्षकास तरी काय ठाऊक होते?

याहूनही आपल्या पाठास जवळची गोष्ट पुढची आहे. मोंबासाजवळ फ्रेरेटाउन ही नव्याने मुक्त झालेल्या गुलामांची वसाहत १८७५ च्या सुमारास उभी राहू लागली, तेव्हा नाशकास शिकलेले कितीएक आफ्रिकन तेथे मदतीस गेले. विल्यम जोन्स हे लोहारकाम शिकलेले गृहस्थ तर त्याआधीच, १८६४ साली, तिकडे गेले होते. १८८५ साली त्यांस दीक्षा मिळाली. या लोकांस आपला वाटा मिळाला होता. तरी ते आपल्या भावांकरिता समुद्र उतरून गेले.

५. उघडलेले दार आणि रिकामा बाक

दार बंद असणे म्हणजे काय, हे पंचवटीस वेगळे सांगावयास नको. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली येथे काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, आणि दादासाहेब गायकवाड व त्यांच्या सोबत्यांनी तो कित्येक वर्षे चालविला. आज शाळेचे दार कायद्याने उघडे आहे. २००९ सालचा शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, आणि ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. पण कायदा दार उघडतो. तो लेकराचा हात धरून बाकावर बसत नाही. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीस गेले, किंवा पौष-माघात द्राक्षांच्या खुड्यास गेले, म्हणजे बाक रिकामा होतो. चौदा वर्षे पुरी झाली म्हणजे मुलीचा बाक तर पुष्कळदा कायमचाच रिकामा होतो.

ज्या आया स्वतः शिकल्या नाहीत, त्यांनी मात्र आपण निरुपयोगी आहो असे समजू नये. नाशिकजवळच्या जलालपुरात १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक शाळेत शिकल्या नव्हत्या. लग्नानंतर घरीच त्यांस अक्षरओळख झाली. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली, आणि आज मराठी साहित्यात त्या ग्रंथाचे स्थान सर्वमान्य आहे. तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता; त्यास लहानपणापासून शास्त्राची ओळख झाली, आणि त्याच्या विश्वासाचा उगम सांगताना पौल आजी लोईस व आई युनीके यांची नावे घेतो (२ तीमथ्य १:५; ३:१५). शिक्षणास उशीर झाला म्हणून ते वाया जात नाही, आणि आईचा धीर कोणत्याही इयत्तेत जुना होत नाही.

६. मंडळीने काय करावे

शाळा उघडण्यापूर्वीच्या रविवारी उपदेशकांनी सर्व विद्यार्थ्यांस मंडळीपुढे उभे करावे, व एकेकाचे नाव घेऊन प्रार्थना करावी. नापास झालेल्याचे नाव गाळू नये. त्याचे प्रथम घ्यावे. मंडळीतील शिकलेल्या एकेका माणसाने एकेक लेकरू आपले म्हणून वर्षभर पत्करावे. आठवड्यातून दोन संध्याकाळी त्याचे वाचन ऐकावे, आणि महिन्यातून एकदा त्याच्या शिक्षकांस भेटावे. जे कुटुंब हंगामास बाहेर जाणार, त्यास दिवाळीपूर्वीच विचारावे, की लेकरू कोणाकडे राहील. आजीजवळ, शेजाऱ्याकडे, की शासनाच्या हंगामी वसतिगृहात? हा प्रश्न गाडी निघाल्यावर विचारून उपयोग नाही. आठवी झालेल्या मुलीच्या घरी पाळकाने स्वतः जावे, आणि ती नववीस कशी जाईल, याचा बेत ठरल्याशिवाय उठू नये.

तिसऱ्या अध्यायात यार्देन थडीभर भरून वाहत होती. पाणी आधी हटले, मग याजक उतरले, असे झाले नाही. याजकांचे पाय पाण्यास लागले, तेव्हा वरून येणारे पाणी थांबले. आपली गोदामाईही थोड्याच दिवसांत पुराने भरेल, व लोक दुतोंड्या मारुतीपर्यंत पाणी कोठवर चढले हे पाहतील. तेव्हा ही गोष्ट आठवावी. सर्व अडचणी मिटल्यावर लेकरास शाळेत पाठवू, असे म्हणणाऱ्याचे लेकरू तीरावरच राहते. पाय आधी पाण्यात घालावा लागतो. आणि ज्यांनी नदी पूर्वीच पाहिली आहे, त्यांनी तो पुढे होऊन घालावयाचा असतो.

मननासाठी प्रश्न

१. यहोशवा १:१८ मधील बोलणाऱ्यांस स्वतःचा वाटा कोठे मिळाला होता? तरी ते नदी का उतरले?

२. आय नगराच्या पराभवानंतर कोणत्या क्रमाने गोष्टी घडल्या? नापास झालेल्या लेकराविषयी त्यावरून काय शिकावे?

३. आपल्या मंडळीत यंदा घरातील पहिलेच शिकणारे लेकरू कोणाचे आहे? त्याचे नाव आपणांस ठाऊक आहे काय? नसल्यास या आठवड्यात विचारून घ्यावे.