दात कोरडा करून का पाहतात?

दंतवैद्य दातावर हवेची फुंकर सोडतात किंवा कापसाच्या बोळ्याने तो पुसतात, आणि मगच निरखून पाहतात. असे का? याचे उत्तर तुमच्या पुस्तकातील प्रकाशाच्या प्रकरणात आहे.

घरात दुधी काच असेल, तर तिच्या खरखरीत बाजूवर ओले बोट फिरवा. तेवढ्या जागेतून पलीकडचे दिसू लागेल. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५, हवेचा १. या मोठ्या फरकामुळे खरखरीत पृष्ठावर प्रकाश विखुरतो व काच पांढुरकी दिसते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, खाचखळग्यांत पाणी भरले की फरक घटतो आणि विखुरणेही घटते.

आता दाताकडे वळू. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. दातावरील चिकट थराचा पीएच सुमारे ५.५ च्या खाली गेला, की एनॅमलमधील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. वरचा पापुद्रा बराचसा शाबूत राहतो, त्याखाली मात्र सूक्ष्म छिद्रे पडतात. एनॅमलचा अपवर्तनांक सुमारे १.६२. छिद्रांत पाणी आहे तोवर डाग लपून राहतो. दात वाळून तेथे हवा शिरली, की खडूसारखा पांढरा डाग उमटतो! ओल्या दातावरही दिसणारा डाग अधिक खोल गेलेला असतो.

“दुखत नाही, मग दाखवायचे कशाला?” असे म्हणणारे (यात पालकही आले) येथेच फसतात. एनॅमलमध्ये मज्जातंतू नसतात. दुखू लागते तेव्हा कीड आतल्या थरात पोचलेली असते, आणि पडलेला खड्डा आपोआप भरून येत नाही. पांढरा डाग मात्र परतवता येतो. लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट छिद्रांत पुन्हा बसतात. फ्लोराइडयुक्त पेस्टने त्यास मदत होते. सारखे गोड खात राहिल्यास मात्र लाळेला ही सवडच मिळत नाही.

२०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते, आणि तीत दंतविकारही येतात. शिक्षकांनी त्या दिवशी मुलांना दात घासून यायला सांगावे, कारण चिकट थराखाली डाग झाकला जातो. तपासणीचा बाक खिडकीपाशी ठेवावा. प्रत्येक पांढरा डाग किडीचा नसतो, हेही मुलांना सांगावे. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावांत दातांवर पांढरे पट्टे दिसतात, पण ते बहुधा डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखेच असतात.