एका पटाची कथा

पावसाची झड लागली म्हणजे घरोघरी मुले ‘व्यापारा’चा पट मांडून बसतात. फासे खुळखुळतात, शहरांची खरेदी-विक्री होते आणि शेवटी एकाजवळ सारे धन गोळा होऊन बाकीचे रिकाम्या हातांनी उठतात. या खेळाचे मूळ अमेरिकेत असून त्याची जननी एक स्त्री होती, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते.

तिचे नाव एलिझाबेथ मॅगी. ती लघुलेखिकेचे काम करीत असे. जमीन कोणा एकाने निर्माण केलेली नाही. तेव्हा तिचे भाडे साऱ्या समाजाच्या उपयोगी पडावे, हा हेन्री जॉर्ज या विचारवंताचा सिद्धान्त तिला मनोमन पटला होता. तो इतरांस कसा समजावून द्यावा? व्याख्यानाने मुले कंटाळतात. खेळात मात्र ती देहभान विसरतात. म्हणून तिने एक पट आखला आणि १९०४ साली त्याचे एकस्व, म्हणजे पेटंट, मिळविले. ‘जमीनदाराचा खेळ’ असे त्याचे नाव.

पटाभोवती एक फेरी पुरी झाली की खेळणाऱ्यास श्रमाची मजुरी म्हणून १०० डॉलर मिळत. परंतु वाटेत दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल पडले की भाडे भरावे लागे. एकाच्या हाती जसजशा जमिनी जमत, तसतशी इतरांची मजुरी भाड्यातच जाई. कष्ट करूनही माणूस दरिद्री का राहतो, हे मुलांस कोणी न सांगता उमगे.

पुढे तिने नियम दोन प्रकारचे केले. एकात, इतरांस नागविणारा विजयी होई. दुसऱ्यात, भाडे सार्वजनिक खजिन्यात पडे आणि सर्वांत गरीब गड्याचे भांडवल दुप्पट झाले की सारेच जिंकत. पट तोच, फासे तेच. नियम बदलताच फळ बदलले!

परंतु लोकांनी पहिलाच प्रकार उचलून धरला. त्यापासून बनलेला ‘मोनॉपोली’ हा खेळ १९३५ साली एका कंपनीने चार्ल्स डॅरो याच्याकडून घेऊन बाजारात आणला. डॅरो धनवान झाला. मॅगीस एकस्वापोटी केवळ ५०० डॉलर मिळाले. १९४८ साली ती निवर्तली. तिचे श्रेय १९७० नंतर एका खटल्याच्या निमित्ताने उजेडात आले.

मुलांनो, पुढच्या वेळी पट मांडाल तेव्हा जिंकणाऱ्याचे कौतुक अवश्य करा. पण सर्वांआधी उठून गेलेल्या गड्याचे पैसे कोणत्या नियमाने गेले, याचाही विचार करा.

स्वाध्याय
१. मॅगीने आपला विचार सांगण्यासाठी खेळ का निवडला?
२. ‘व्यापारा’च्या खेळातील एक नियम बदलून खेळा व काय फरक पडला ते लिहा.