देहांतील किरणांचें माप

आपल्या कळमनुरीच्या बाजारांत हळदीचें पोतें कांट्यावर चढलें, कीं कांट्याचा सबंध आंकडा हळदीचाच, असें कोणी शेतकरी वा अडत्या मानीत नाहीं. बारदानाचें वजन वजा करावें लागतें. बारदान डोळ्यांस दिसतें, निराळें तोलतां येतें, म्हणून ही वजाबाकी सोपी. परंतु बारदान म्हणजे जिवंत मनुष्याचें शरीरच असेल तर? पेट व एम.आर.आय. हीं दोन यंत्रें एकत्र करून रोग्याची तपासणी करणाऱ्या वैद्यांपुढें हाच प्रश्न आहे. आणि ज्याच्या घरीं कर्करोगाचा रोगी आहे, त्यास तो केवळ पुस्तकी वाटणार नाहीं.

प्रथम पेट म्हणजे काय तें पाहूं. रोग्याच्या शिरेंत साखरेसारखें एक द्रव्य टोंचतात. त्यास फ्लोरीन-१८ हा किरणोत्सर्गी अणु जोडलेला असतो. पुष्कळशा कर्करोगांच्या पेशी साखरेच्या भुकेल्या असतात, त्या हें द्रव्य अधिक ओढून घेतात. अणूंतून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघेही नाहींसे होतात, आणि ५११ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्तीचे दोन गॅमा किरण परस्परविरुद्ध दिशांनीं धांवत सुटतात. रोग्याभोंवतालचें कडें या जोड्या मोजतें.

हें द्रव्य ११० मिनिटांत निम्मे होतें. मुंबईहून कळमनुरीस येण्यास अकरा तास लागले असें धरलें, तर तें सहा वेळां निम्मे होऊन चौसष्टावा भागच उरेल. विद्यार्थ्यांनीं हें गणित करून पाहावें. म्हणूनच परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्यें २००२ सालीं देशांतील पहिलें पेट-यंत्र बसलें, तेव्हां द्रव्य तयार करणारें सायक्लोट्रॉनही तेथेंच उभारावें लागलें.

आतां बारदानाकडे वळूं. बारदान वजनांत भर घालतें. शरीर उलट किरण गिळतें. सुमारें ७ सेंटिमीटर मांस ओलांडतांना निम्मे किरण वाटेंतच खर्ची पडतात. जोडी शरीरांत कोठेंही जन्मास येवो, दोन्ही किरणांनीं मिळून ओलांडावयाची जाडी मात्र तीच राहते, ही सृष्टीची मोठी कृपाच म्हणावयाची. ती जाडी ३० सेंटिमीटर असली, तर सुमारें अठरा जोड्यांपैकीं एकच शाबूत बाहेर पडते. मोजलेल्या आंकड्यास अठरांनीं गुणलें कीं झालें! पण वाटेंत मांस किती, हाड किती, हवा किती, हें ठाऊक असेल तरच.

सी.टी. यंत्र हें सहज सांगतें, कारण त्याचे क्ष-किरणही शरीरांत असेच गिळले जातात. एम.आर.आय. मात्र चुंबकाच्या बळानें हायड्रोजनच्या अणुगर्भांची चाहूल घेतें. हवेंत ती नसतेच. घट्ट हाडांतील चाहूल इतक्या लवकर विरते, कीं साध्या चित्रांत तीही दिसत नाहीं. हाड आणि हवा दोन्ही काळींच. किरण गिळण्यांत तर हाड मांसाहून अधिक खादाड आणि हवा जवळजवळ उपाशी! हाडास मांस समजून हिशेब केला, तर हाडांतील गांठीचा आंकडा सुमारें दहा टक्के, कधीं त्याहूनही अधिक, कमी येतो.

दहा टक्क्यांनीं काय बिघडतें? २००९ सालीं सुचविलेल्या एका नियमाप्रमाणें आंकडा निदान ३० टक्के घटला, तर औषध लागू पडलें असें धरतात. पहिल्या वेळीं सी.टी.च्या साह्यानें गांठीचा आंकडा १० आला. उपचारानंतर तो खरोखर ७.७ झाला, म्हणजे २३ टक्केच घटला. पण ही दुसरी तपासणी एम.आर.आय.च्या जोडीनें केली व दहा टक्के कमी मोजलें, तर ६.९३ दिसेल. कागदावर औषध यशस्वी, आणि रोगी तेंच औषध घेत राहील.

मग एम.आर.आय.चा हट्ट कां? मेंदू व ओटीपोट यांचे मऊ भाग तें फार स्पष्ट दाखवितें. शिवाय क्ष-किरणांचा मारा टळतो, आणि वारंवार तपासावयाच्या लहान मुलांस हा लाभ थोडा नव्हे. दोन्ही तपासण्या एकाच वेळीं करणारें सबंध शरीराचें यंत्र २०१० सालीं जर्मनींत म्यूनिक येथें बसलें. हाडांची चाहूल विरण्यापूर्वीं ती टिपण्याच्या युक्त्या तेव्हांपासून पुष्कळ सुधारल्या आहेत. इतर माणसांच्या सी.टी. चित्रांवरून हाडांचा नकाशा अंदाजण्याचीही रीत आहे. कवटीपुरती ती चांगली साधते.

मला मात्र खरें नवल वाटतें तें साध्या चुकांचें. औषध मोजणाऱ्याचें घड्याळ व यंत्राचें घड्याळ यांत दहा मिनिटांचा फरक पडला, कीं आंकडा सुमारें सहा टक्क्यांनीं चुकतो. सुईच्या नळींत उरलेलें औषध वजा केलें नाहीं, रोग्याचें वजन अंदाजानें लिहिलें, रोगी उपाशीपोटीं न येतां गोड चहा पिऊन आला, तरीही आंकडा फिरतो. म्हणून पालकांनीं वजन खरें सांगावें, जुना अहवाल जपून न्यावा आणि दुसरी तपासणी त्याच यंत्रावर होईल काय, हें विचारावें.

यंत्राची परीक्षा घेण्यासाठीं पाण्याच्या नळकांड्यांत मोजून औषध घालतात व उत्तर ताडून पाहतात. परंतु त्या नळकांड्यांत हाड नसतें. पाण्यावर अचूक ठरलेलें यंत्र कमरेच्या हाडाशीं चुकूं शकतें, तें यामुळेंच.