वालुकामय भूमी आणि अश्वगंधा

सुश्रुतसंहितेतील भूमिप्रविभागीय अध्यायात औषधीग्रहणास वर्ज्य अशा भूमिदोषांत वाळूचीही गणना आहे. तथापि अश्वगंधेचे मूळ हलक्या, निचऱ्याच्या जमिनीतच सरळ वाढते. बुलढाणा जिल्ह्यात कापसाच्या काळ्या जमिनीखेरीज नदीकाठी रेताड तुकडेही आढळतात. तेथे लागवड करू इच्छिणाऱ्या वैद्यबंधूंनी ध्यानी घ्यावे, की रेतीत ना पाणी टिकते, ना नत्र. अशा भुकेल्या जमिनीतील मूळ बारीक निघते. तेच चूर्णात जाते आणि गुण न आल्यास बोल मात्र वैद्याला लागतो! पूर्ण कुजलेले शेणखत वा गांडूळखत मिसळल्यास त्यातील ह्यूमस ओल, पोटॅश व कॅल्शियम धरून ठेवतो आणि मुळांना सावकाश पुरवतो. ताजे शेण आम्ही सुचविणार नाही. त्याने हुमणी माजते.