थोरल्याच्या खांद्यावरचे ओझे



नाताळच्या सुट्टीत आपल्या धर्मग्रामात परदेशातली मुलेबाळे येतात. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आपण त्यांना हमखास विचारतो, "कितवीला आहेस? पुढे काय करणार?" मूल तोंड उघडण्याआधी आई किंवा बाबाच उत्तर देतात: मेडिकल, इंजिनिअरिंग, फार्मसी. मूल कसेनुसे हसते आणि आपल्या बुटांकडे पाहते. आम्हीही हा प्रश्न अनेकदा विचारला आहे आणि त्या खाली गेलेल्या नजरेकडे लक्ष दिलेले नाही, हे आधीच कबूल करतो.

आज आपण अशाच एका स्थलांतरित कुटुंबाचा विचार करू या. त्या घरातल्या थोरल्या मुलाला आपण सगळे ओळखतो. ते म्हणजे दिवंगत पोप फ्रान्सिस.

१९२९ च्या जानेवारीत बेर्गोग्लियो कुटुंब इटलीतून जहाजाने अर्जेंटिनात उतरले. तिकडे तेव्हा भर उन्हाळा. तरीही आजी रोझा यांच्या अंगात जाड कोट होता, कारण घरदार विकून आलेले पैसे त्याच्या अस्तरात शिवलेले होते. आधी गेलेल्या भावंडांचा पाराना शहरात फरसबंदीचा धंदा होता. १९३२ पर्यंत मंदीने तो पार बुडवला. कुटुंबाने बांधलेली कबरसुद्धा विकावी लागली. आजोबांनी उसने पैसे घेऊन दुकान टाकले. वडील मारिओ हिशेबनीस होते, पण इटलीतले त्यांचे शिक्षण तिकडे ग्राह्य धरले गेले नाही. काम तेच, पगार मात्र कमी. टोरांटो किंवा मेलबर्नला गेलेल्या आपल्या किती जणांना हे आपलेच वाटेल! इकडे चांगल्या हुद्द्यावर असलेला माणूस तिकडे गोदामात खोकी उचलतो आणि गावी फोनवर "सगळे मजेत" म्हणून सांगतो.

याच घरात १९३६ साली होर्हे जन्मले. पाच भावंडांत थोरले. आजी-आजोबा त्यांच्याशी पिएमोन्तेच्या बोलीत बोलत. वडिलांनी मात्र ती भाषा मुलाशी कधी वापरली नाही. आठवणीने जीव कासावीस होत असावा, असे पोप फ्रान्सिस यांना पुढे वाटले. शेवटच्या बाळंतपणानंतर आई रेजिना काही काळ अंथरुणाला खिळल्या होत्या. तेव्हा शाळेतून आलेली मुले आईच्या सूचनेप्रमाणे स्वयंपाक करीत. तेराव्या वर्षी वडिलांनी होर्हेला मोजे बनविण्याच्या कारखान्यात कामाला लावले. त्याबद्दल ते पुढे वडिलांचे आभारच मानीत. म्हणजे घराने मुलाकडून अपेक्षा ठेवणे मुळातच वाईट, असे आमचे म्हणणे नाही.

अडचण पुढे आली. २१ सप्टेंबर १९५३ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, पापनिवेदनाच्या वेळी होर्हेला देवाचे पाचारण जाणवले. आईच्या मनात मात्र मुलगा डॉक्टर व्हावा असे होते. त्यांची बहीण सांगत असे, की अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून आईने वरची अडगळीची खोली स्वच्छ करून दिली. एके दिवशी झाडलोट करताना तिथे लॅटिन आणि ईशज्ञानाची पुस्तके सापडली. तू तर वैद्यक शिकणार होतास, मग खोटे का सांगितलेस, असे आईने विचारले. खोटे नाही, मी आत्म्याचे वैद्यक शिकतो आहे, असे मुलाने सांगितले.

हा प्रसंग हसत सांगितला जातो. आम्हाला ते उत्तर चतुर वाटते, पण सरळ वाटत नाही. एवढ्या भल्या मुलालाही शब्दाआड लपावे का लागले? थोरला, हुशार, आईच्या आजारपणात हाताशी राहिलेला. त्याच्याकडून काय हवे हे घरात ठरलेलेच होते.

परदेशातल्या घरांत हे ओझे दुप्पट होते. "तुझ्यासाठीच सगळे सोडून आलो," हे वाक्य तिथे भिंतीवरच्या घड्याळासारखे सतत वाजते. ते खोटे नसते. आईने रात्रपाळ्या केलेल्या असतात. आखातात तर बापाची नोकरी गेली, की बहुधा राहण्याची परवानगीही जाते. त्या टांगत्या तलवारीखाली त्याने वर्षे काढलेली असतात. पण ते वाक्य अर्धेच असते. आपण आपल्या स्वप्नासाठीही गेलो होतो, हे कोणी मुलाला सांगत नाही. मुलाच्या कानी पडते ते फक्त कर्ज, ज्याची रक्कम कुठेच लिहिलेली नाही. मग ते गुण लपवते, सोडलेला विषय लपवते, शेवटी रडणेही लपवते.

संत पौल कलस्सैकरांस लिहिताना (३:२१) बापांनाच बजावतो, की मुलांना इतके डिवचू नका की ती हिंमत हरतील. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबांसाठी लिहिलेल्या 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात (क्र. २६१) म्हटले आहे, की मूल या क्षणी कुठे आहे यापेक्षा मनाने कुठे आहे, हे आईबापांनी ओळखावे. अडगळीच्या खोलीत बसून अभ्यास केलेल्या मुलाने हे लिहिले आहे, हे विसरू नये.

होर्हेने निर्णय सांगितला तेव्हा वडिलांना आनंद झाला. आईला मात्र आपले काहीतरी लुबाडले गेल्यासारखे वाटले. थोडे थांब, विद्यापीठाचे शिक्षण पुरे कर, असे तिने सुचवून पाहिले. सेमिनरीत पोहोचवायला ती गेली नाही. पुढेही बराच काळ तिने तिथे पाऊल टाकले नाही. वाईट आई नव्हती ती! लूक २:४१-५२ मध्ये तीन दिवस मुलाला शोधणाऱ्या मरिया-योसेफलाही येशूचे उत्तर कळले नव्हतेच.

आजी रोझा यांनी वेगळे केले. देव बोलावीत असेल तर जा, असे त्यांनी नातवाला सांगितले. पण परत यावेसे वाटले तर घराचे दार उघडे आहे, कोणी बोल लावणार नाही, हेही सांगितले. ज्या बाईने कोटात पैसे शिवून समुद्र ओलांडला होता, तिने नातवाकडे त्याची वसुली मागितली नाही.

इथे आम्हाला गावी राहिलेल्या आपल्यासारख्यांशी बोलायचे आहे. व्हिडिओ कॉलवर "किती टक्के?" हा पहिला प्रश्न आपलाच असतो. चुलतभावाला मेडिकलला प्रवेश मिळाल्याची बातमी आपणच कळवतो. तिकडच्या आईबापांवरचे दडपण पुष्कळदा आपल्या ओटीवरूनच निघते आणि मुलाच्या खोलीत पोहोचते.

१३ डिसेंबर १९६९ रोजी होर्हे यांना गुरुदीक्षा मिळाली. वडील १९६१ सालीच वारले होते. आजी रोझा हजर होत्या. विधी संपल्यावर आई मुलासमोर गुडघे टेकून त्याचा आशीर्वाद मागू लागली.

येत्या लहान ख्रिस्ती समूहाच्या सभेत लूकचा हा उतारा वाचावा. त्यानंतर प्रत्येकाने परदेशातल्या आपल्या एका नातवंडाचे नाव घ्यावे आणि त्याला अभ्यासाव्यतिरिक्त काय आवडते ते सांगावे. ज्यांना सांगता येणार नाही, त्यांनी रविवारी फोन करून विचारावे, आणि त्या दिवशी टक्क्यांचा विषय काढू नये.