त्रिकला उष्णता-पंपाच्या विद्युत् मंडलाचे रक्षण

विहिरीवरील पंप पाणी खालच्या पातळीवरून वर चढवितो. तद्वत् उष्णता-पंप कमी तापमानाच्या हवेतील अथवा पाण्यातील उष्णता घेऊन ती अधिक तापमानाच्या ठिकाणी पोहोचवितो. ही कल्पना विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८५२ साली मांडली. १९३८ साली स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या नगरभवनात नदीच्या पाण्यातील उष्णता घेणारा असा पंप कामास लावण्यात आला. आज वसतिगृहे, रुग्णालये व हॉटेले यांच्या गच्चीवर पाणी तापविण्यासाठी हे यंत्र आढळते.

या यंत्राचे हृदय म्हणजे संपीडक, अर्थात काँप्रेसर. मोठा संपीडक त्रिकला, म्हणजे थ्री-फेज, विद्युत्पुरवठ्यावर चालतो. त्याच्या मंडलात रक्षक साधने कोणती बसवावीत, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. येथे एक तत्त्व आरंभीच ध्यानात ठेवावे: कोणतेही एक साधन सर्व संकटांचे निवारण करीत नाही. प्रत्येक संकटाचा रक्षक वेगळा असतो.

१. प्रवाह किती?

उदाहरणादाखल वसतिगृहाच्या गच्चीवरील एक पंप घेऊ. त्याला जास्तीत जास्त ९ किलोवॉट विद्युत्शक्ती लागते, दोन फेजांमधील दाब ४१५ व्होल्ट आहे आणि शक्तिगुणक ०.९ आहे. त्रिकला मंडलात प्रवाह काढण्यासाठी शक्तीला १.७३२, दाब आणि शक्तिगुणक यांच्या गुणाकाराने भागावयाचे असते. ९,००० भागिले ६४७ म्हणजे प्रत्येक फेजमधून सुमारे १४ अँपिअर प्रवाह होय. हिशेब करताना यंत्राच्या पाटीवरील कमाल आकडा घ्यावा. हवा प्रतिकूल असताना यंत्र तितकी शक्ती खरोखरच घेते.

२. तार कोणती?

पुष्कळांची समजूत अशी असते की मंडल-खंडक, म्हणजे कारागीर ज्याला एमसीबी म्हणतात ते साधन, यंत्राचे रक्षण करतो. वस्तुतः तो प्रथम तारेचा रक्षक आहे. तारेतून मर्यादेबाहेर प्रवाह गेला की तिचे पीव्हीसी आवरण तापून मऊ होते आणि अखेर आग लागते. म्हणून नियम असा: यंत्राच्या प्रवाहापेक्षा खंडकाचा आकडा कमी नसावा आणि तारेच्या क्षमतेपेक्षा तो अधिक नसावा.

आपल्या १४ अँपिअरसाठी २० अँपिअरचा खंडक निवडला असे समजू. नळीतून नेलेल्या ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारांची क्षमता ३० अंश सेल्सिअसला २८ अँपिअर असते. तेव्हा त्या पुरेशा वाटतात. परंतु उन्हाळ्यात गच्चीवरील नळीत तापमान ५० अंशांवर गेले, तर हीच क्षमता ०.७१ पट, म्हणजे जेमतेम १९.९ अँपिअर उरते. अशा ठिकाणी ६ चौरस मिलिमीटरची तारच योग्य. तिची क्षमता ५० अंशांलाही सुमारे २५.५ अँपिअर राहते.

३. खंडक कोणत्या जातीचा?

खंडकात दोन यंत्रणा असतात. द्विधातूची पट्टी सावकाश तापून वाकते आणि दीर्घकाळच्या अतिभारात मंडल तोडते. विद्युत्चुंबक मोठ्या प्रवाहाला क्षणात प्रतिसाद देतो. हा चुंबक नेमका केव्हा ओढला जावा यावरून खंडकांच्या जाती ठरतात. बी जातीत ही मर्यादा अंकित प्रवाहाच्या ३ ते ५ पट, सी जातीत ५ ते १० पट व डी जातीत १० ते २० पट असते.

थेट जोडलेली मोटर सुरू होताना नेहमीच्या सुमारे सहापट, म्हणजे आपल्या उदाहरणात ८४ अँपिअर प्रवाह ओढते. २० अँपिअरच्या बी खंडकाचा चुंबक ६० ते १०० अँपिअरच्या दरम्यान केव्हाही ओढला जाईल; म्हणून तो विनाकारण मंडल तोडू शकतो. १६ अँपिअरचा सी खंडकही निर्धोक नाही, कारण त्याची मर्यादा ८० पासून सुरू होते. २० अँपिअरच्या सी खंडकाची मर्यादा १०० पासून सुरू होत असल्याने तो येथे योग्य ठरतो.

मग डी जात घेऊन अधिकच निश्चिंत का होऊ नये? कारण २० अँपिअरचा डी खंडक तत्क्षणी तुटेलच अशी खात्री ४०० अँपिअर प्रवाहालाच देता येते. एक फेज यंत्राच्या धातूच्या अंगाला चिकटली तर तेवढा प्रवाह वाहण्यासाठी २४० व्होल्टवर संपूर्ण वाटेचा रोध ०.६ ओहमपेक्षा अधिक नसावा लागतो. सी खंडकाला १.२ ओहम चालतो. आरंभीचा प्रवाह खरोखरच मोठा असेल आणि वाटेचा रोध मोजून पाहिला असेल, तरच डी जातीचा विचार करावा.

४. एक फेज गेल्यास

शेतावरच्या पंपाची मोटर एक फेज गेल्याने जळते, हे आपल्याकडील शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहे. संपीडकावरही हीच आपत्ती येते. चालू असताना एक फेज तुटली, तर तेवढेच काम करण्यासाठी उरलेल्या दोन तारांतील प्रवाह सुमारे १.७३ पट होतो, म्हणजे १४ चे २४ अँपिअर होतात. २० अँपिअरच्या खंडकाला हा भार १.२ पट आहे. अशा खंडकाने १.१३ पट प्रवाह एक तास सहन करावा आणि १.४५ पटीला एका तासाच्या आत तुटावे, असा प्रमाण-नियम आहे. या दोहोंमधल्या २४ अँपिअरला तो वेळेवर तुटेल याचा भरवसा नाही. तोवर मोटरीचे वेटोळे जळून जाते. म्हणून मोटरीच्या प्रवाहावर बसविलेला अतिभार-रिले आणि एक फेज गेल्याचे ओळखणारे साधन ही स्वतंत्र हवीत. फेजांचा क्रम उलटल्याचेही या साधनाने ओळखावे, कारण स्क्रोल जातीचा संपीडक उलट फिरल्यास खराब होतो.

५. गळती आणि माणसाचा जीव

इमारतीला स्वतःचाच भूसंपर्क असेल आणि त्याचा रोध १० ओहम असेल, तर दोषाच्या वेळी केवळ २४ अँपिअर प्रवाह वाहतो. त्याला खंडक जुमानत नाही, पण यंत्राचे अंग मात्र प्राणघातक दाबावर राहते. येथे गळती ओळखणारे साधन, ज्याला आपल्याकडे ईएलसीबी अथवा आरसीसीबी म्हणतात, अनिवार्य आहे. स्पर्शापासून माणसाच्या रक्षणासाठी ते ३० मिलिअँपिअरचे असावे.

आजचे अनेक पंप इन्व्हर्टरवर चालतात. त्यांचा आरंभीचा प्रवाह अल्प असतो, पण त्रिकला इन्व्हर्टरमधील दोषामुळे एकदिश प्रवाहाची गळती होऊ शकते आणि सामान्य साधन तिच्यामुळे निकामी होऊ शकते. अशा वेळी निर्मात्याच्या सूचनेनुसार बी प्रकारचे गळती-साधन घ्यावे. या बीचा खंडकाच्या बी जातीशी काही संबंध नाही.

उपसंहार

खंडक वारंवार तुटू लागला की मोठ्या आकड्याचा खंडक बसविणे, किंवा फ्यूजमध्ये जाड तार घालणे, हा उपाय सर्वत्र दिसतो. त्याने तक्रार थांबते, पण तारेचा रक्षक दूर होतो आणि आगीला मोकळी वाट मिळते. खंडक तुटतो तेव्हा तो काही सांगत असतो. कारण शोधावे, आणि हे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावे.

स्वाध्याय

१. वरील पंपास ९ ऐवजी १२ किलोवॉट शक्ती लागल्यास प्रत्येक फेजमधील प्रवाह किती होईल? २० अँपिअरचा खंडक पुरेल काय?
२. भूसंपर्काचा रोध २० ओहम असल्यास दोषप्रवाह किती वाहील? त्यावरून गळती-साधनाची आवश्यकता सिद्ध करा.
३. ४ चौरस मिलिमीटरची तार सावलीत चालते, पण तापलेल्या गच्चीवर चालत नाही. कारण सांगा.